सिडनीची दैनंदिनी : भार कुणाचा, मान कुणाला?

(लेखांक दुसरा)

पहिला दिवस : पूल

सर्क्युलर कीच्या धक्क्यावर उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला ऑपेरा हाऊस, डाव्या हाताला हार्बर ब्रिज आणि मध्ये फेरीबोटींची लगबग. मान वळवायच्या आत सिडनी पाहून झाली असं वाटतं. माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते. इथली प्रसिद्ध स्थळं डोळ्यांना फार लवकर सापडतात, आणि ती कशाच्या आधारावर उभी आहेत याबद्दल डोळे हमखास फसतात. पुलाचंच पाहा. १९ मार्च १९३२ रोजी तो खुला झाला. कमानीचा गाळा ५०३ मीटरचा, रिव्हेट सुमारे ६० लाख. कमानीच्या दोन्ही टोकांना ग्रॅनाइटने मढवलेले ८९ मीटर उंचीचे चार मनोरे आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, या मनोऱ्यांनीच पूल तोलून धरलाय. पण रस्त्याच्या वर गेलेले मनोरे कमानीचा काडीचाही भार घेत नाहीत. कमान टेकली आहे ती खाली, पायथ्याशी असलेल्या चार प्रचंड बिजागऱ्यांवर. उन्हाने पोलाद फुगतं तेव्हा ती त्यांच्यावरच किंचित हलते. मनोरे बांधले ते पूल भक्कम दिसावा म्हणून, आणि त्यासाठी दगड आणला दूर दक्षिणेकडच्या मोरुयाच्या खाणीतून.

यावर कुणी म्हणेल, दिसण्यालाही काही काम असतंच. पुलावर लोकांचा विश्वास बसायला नको का? हे मान्य करावं लागतं. शिवाय पुढे मनोऱ्यांना खरोखरीची कामंही मिळाली. दक्षिणेकडच्या एका मनोऱ्यात संग्रहालय आहे आणि उत्तरेकडच्या दोघांत १९९२ साली झालेल्या बंदराखालच्या बोगद्याची धुराडी. तेव्हा भांडण शोभेशी नाही. पण नजर मनोऱ्यांवर खिळली की बिजागऱ्या राहून जातात, आणि त्यांच्याबरोबर बांधकामात मेलेले १६ कामगारही राहून जातात. पुलाच्या वाटेत आली म्हणून पाडलेल्या शेकडो घरांतल्या, भरपाईविना बाहेर पडलेल्या भाडेकरूंचंही तेच होतं.

दुसरा दिवस : ऑपेरा हाऊस

पुलाजवळ जे भक्कम दिसतं ते शोभेचं निघालं. इथे उलट, जे लहरी दिसतं ते पक्कं हिशेबी आहे. वाऱ्याने फुगलेल्या शिडांसारखं हे छप्पर एखाद्या कवीला स्वप्नात दिसलं असावं असं वाटतं. १९५७ मध्ये २३३ आराखड्यांतून निवड झालेल्या डॅनिश वास्तुशिल्पी यॉर्न उत्झन यांच्या पहिल्या रेखाटनांत ते तसंच मुक्तहस्त होतंही. पण तसं छप्पर बांधायचं कसं, हे कुणाला सांगता येईना. ओव्ह अरुप यांच्या अभियंत्यांनी एकामागून एक वक्र तपासले. १९६१ मध्ये उत्तर सापडलं : सगळी शिडं एकाच, ७५ मीटर त्रिज्येच्या गोलाचे तुकडे मानायची. गोलाचा बाक सगळीकडे सारखा, म्हणून मोजक्या साच्यांतून काँक्रीटचे भाग ओतता आले आणि वर दहा लाखांहून अधिक स्वीडिश फरशा शिस्तीत बसल्या.

हिशेबाचं इतकं कौतुक, मग ७० लाख डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर कसा गेला? आक्षेप रास्त आहे. पण तो भूमितीचा दोष नव्हे. छप्पर कसं उभं राहणार हे ठरायच्या आधीच, राजकीय वारं फिरेल या धास्तीने, १९५९ मध्ये काम सुरू करण्यात आलं. नंतर पायाचे खांब पुन्हा बांधावे लागले. १९६६ मध्ये सरकारशी बिनसून उत्झन निघून गेले. २० ऑक्टोबर १९७३ रोजी उद्घाटन झालं तेव्हा ते नव्हते, आणि २००८ साली मरेपर्यंत त्यांनी पुरी झालेली इमारत पाहिली नाही. हा वाढता खर्च पेलला तो मुख्यतः सरकारी लॉटरीने. या वास्तूचा दुसरा पाया म्हणजे तिकीट काढणारी सामान्य माणसं. त्यांतल्या बहुतेकांनी ऑपेरा कधी ऐकलाही नसेल.

तिसरा दिवस : द रॉक्स

पुलाच्या दक्षिण टोकाशी वाळूखडकाच्या जुन्या वखारी आणि अरुंद गल्ल्यांची ही वस्ती. पाहताना वाटतं, काळाने तिला जपलं. काळाने तर ती पाडायचाच घाट घातला होता. १९०० मध्ये इथे प्लेग आला. हाँगकाँगनंतर १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली तीच साथ. मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्त्या पाडून रस्ते काढले गेले. सिडनीतही सरकारने हा भाग ताब्यात घेऊन घरांच्या रांगा जमीनदोस्त केल्या. पुढे पुलाने आणखी घरं नेली. १९७० च्या सुमारास उरलेल्यावर उंच इमारतींचा बेत आला, तेव्हा रहिवाशांच्या विनंतीवरून जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालच्या बांधकाम मजुरांच्या संघटनेने इथे काम करायला नकार दिला. या बहिष्काराला तिथे 'ग्रीन बॅन' म्हणतात. वस्ती आज उभी आहे ती पाडणाऱ्या हातांनी पहार खाली ठेवली म्हणून.

अर्थात दगड वाचले, माणसं वाचली का? हा आक्षेप सर्वांत जड आहे. इथल्या भाडेकरूंसाठी बांधलेली 'सिरियस' ही सरकारी इमारत रहिवासी हलवून २०१९ मध्ये विकली गेली; शेजारच्या मिलर्स पॉइंटमधली सरकारी घरं विकण्याची घोषणा २०१४ मध्येच झाली होती. म्हणजे मजुरांचा विजय अर्धाच. पण तो अर्धा आहे हे कळायलासुद्धा वस्ती कुणी राखली हे आधी ठाऊक असावं लागतं.

चौथा दिवस : डॉज पॉइंट

उरतो घाईचा प्रश्न. चार दिवसांच्या पाहुण्याने चौकशा करायच्या की देखावा पाहायचा? देखावा जरूर पाहावा. त्याला कुणाची ना नाही. त्याच फेरीत एवढंच करावं : पुलाखालच्या डॉज पॉइंटच्या हिरवळीवर यावं आणि मान वर न करता, पोलाद जिथे दगडाला भिडतं तिथे पाहावं. बिजागरी तिथे उघड्यावर आहे.

(क्रमशः)