नगराचा दिवा आणि नगराचे पाणी

विजेचा अपव्यय म्हटला की प्रथम दृष्टीपुढे येतो तो दिवा. भरदिवसा रस्त्यावर जळत राहिलेला एखादा दिवा पाहून महापालिकेस दोष देणे, हा आम्हां नवी मुंबईकरांचा आवडता उद्योग होय. नववीच्या वर्गात आम्ही एकदा प्रश्न केला, "आपल्या महापालिकेची वीज कोठे खर्च होत असावी?" सर्व वर्गाने एकमुखाने उत्तर दिले, "रस्त्यांवरच्या दिव्यांत, सर." हे उत्तर अपुरे होते, आणि जे राहून गेले त्याविषयीच आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

दिव्यांचे श्रेय मात्र आधी देऊन टाकू. पूर्वी आमच्या रस्त्यांवर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश पडत असे. आता बहुतेक ठिकाणी एलईडीचा पांढरा प्रकाश पडतो. २५० वॉटचा जुना दिवा काढून १२० वॉटचा नवा बसविला आणि तो रोज बारा तास जळला, तर वर्षाकाठी सुमारे ५७० युनिट वाचतात. आपल्या देशात वीज मुख्यत्वे कोळशापासून होते व एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन वायू हवेत जातो. म्हणजे एकेका खांबामागे ४०० किलो वायू वाचला. नवी मुंबईचे आकाश यात प्रत्यक्ष भागीदार नाही, कारण तो धूर चंद्रपूर, कोराडी अशा दूरच्या गावी निघतो. परंतु तेथेही आपल्यासारखीच मुले शाळेत जातात.

तथापि स्वस्त झालेल्या वस्तूचा मोह वाढतो. जेव्हन्स नामक इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली हेच कोळशाविषयी दाखवून दिले होते : यंत्रे सुधारली, कोळसा कमी लागू लागला, आणि म्हणूनच त्याचा एकंदर खप वाढला. आमच्या नगरातही दिवे स्वस्त झाल्यापासून पूल, कारंजी, भिंती, झाडेसुद्धा उजळू लागली आहेत. २०२४ साली नेरूळजवळ काही फ्लेमिंगो मरण पावले, तेव्हा रात्रीच्या प्रखर प्रकाशाने ते भांबावले असावेत, अशी शंका पक्षिप्रेमींनी बोलून दाखविली. झाडास दिव्यांच्या माळा गुंडाळण्यात कोणती शोभा आहे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

आता पाण्याकडे वळू. आमची महापालिका १९९२ साली स्थापन झाली, आणि ज्या थोड्या महापालिकांचे स्वतःचे धरण आहे त्यांत तिची गणना होते. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी भोकरपाडा येथे शुद्ध होऊन मोठमोठ्या नळांतून नगरात येते. पुढे ते जलकुंभांत व इमारतींच्या गच्चीवर चढविण्यास पंप लागतात. वापरून झाल्यावर तेच पाणी मलप्रक्रिया केंद्रात जाते. तेथे जिवाणूंनी घाण खावी म्हणून टाक्यांत सतत हवा फुंकावी लागते, आणि अशा केंद्राच्या विजेपैकी साधारण निम्मी या फुंकरीतच खर्ची पडते. बहुतेक नगरांत पालिकेच्या वीजबिलाचा फार मोठा भाग पाण्याच्या या येण्याजाण्याचा असतो. कोपरखैरणे व ऐरोली येथे सांडपाण्यावर आणखी एक प्रक्रिया करून ते कारखान्यांस देण्याची योजना झाली, ती आम्हांस म्हणूनच मोलाची वाटते. मोरब्याच्या जलाशयावर सौर पॅनेल तरंगविण्याचा बेतही महापालिकेने जाहीर केला होता. बेत मोठा आहे. पण गळके नळ शोधणारा प्लंबर आधी यावा, असे आमचे मत आहे.

हे ऐकून मागल्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, आमच्या इमारतीची टाकी रोज सकाळी भरून वाहते. तीही वीजच ना?"

या प्रश्नाने आमचा पुढचा महिना व्यापून टाकला. वॉचमनकाकांच्या संमतीने मुलांनी वाहत्या पाण्याखाली २० लिटरची बादली धरली; ती ८ सेकंदांत भरली. पाणी ३३ मिनिटे वाहत होते. म्हणजे सुमारे ५,००० लिटर! हजार लिटर पाणी ३० मीटर उंच चढविण्यास साध्या पंपाला ०.१४ युनिटच्या आसपास वीज लागते. मुलांनी वर्षाचा हिशेब मांडला : सुमारे २५५ युनिट. रस्त्यावरील एक दिवा बदलून महापालिकेने जे वाचविले, त्यातील जवळजवळ निम्मे एका गच्चीवरून वाहून गेले होते. आणि ते पाणी शुद्ध करून तेथवर आणण्याची वीज यात धरलेलीच नाही. हिशेब फळ्यावर पुरा झाल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

यात वॉचमनकाकांस बोल लावणे अन्यायाचे होईल. पहाटे पंप चालू करून त्यांस फाटकही सांभाळावे लागते. टाकी भरताच पंप आपोआप बंद करणारे उपकरण बाजारात सहज मिळते. मुलांनी तो हिशेब स्वच्छ अक्षरांत उतरून आपापल्या इमारतींच्या सेक्रेटरींना नेऊन दिला. दोन इमारतींत उपकरण बसले आहे. तिसऱ्या इमारतीचे सेक्रेटरी आमच्याच एका विद्यार्थिनीचे वडील आहेत. "पुढच्या सभेत विषय घेऊ," असे त्यांनी सांगितले आहे, आणि ती सभेच्या तारखेची दररोज घरी चौकशी करीत असते.