बाटलीतला सैतान
गुप्तहेरांचे चित्रपट म्हणजे माझा जीव की प्राण. आमच्या सौभाग्यवतींना त्यांचे वावडे! तरी २०२० च्या टाळेबंदीत एका रात्री मी जॉन स्टर्जेसचा १९६५ सालचा ‘द सेटन बग’ लावलाच. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या गुप्त प्रयोगशाळेतून विषाणूची कुपी चोरीस जाते, आणि लॉस एंजेलिसवर मृत्यूची छाया पडते. (अ‍ॅलिस्टर मॅक्लीनची मूळ कादंबरी इंग्लंडात घडते, मला वाळवंटच अधिक भयाण वाटले.) शेवटी हेलिकॉप्टरमध्ये कुपीसाठी झटापट सुरू झाली. माझा जीव टांगणीला! तोच ही म्हणाली, “अहो, यांना निदान पकडायला चोर तरी आहे!”
शेजारच्या बंद खोलीत आईला खोकल्याची उबळ आली. मी चित्रपटाचा आवाज बंद केला, आणि आम्ही दोघे दाराशी कान देऊन उभे राहिलो.