उलाळ

ट्रेलर शेपूट हलवायला लागला तेव्हा माझा वेग ताशी ६५ मैल होता. जून महिना, आय-७५ महामार्ग, डेट्रॉइटपासून उत्तरेला तासाभरावर. डावीकडून एक अठरा चाकी ट्रक सुसाट निघून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी उजवीकडे ढकलला गेला, मग ओढल्यासारखा डावीकडे आला, आणि पुढे त्याला त्यातली लयच सापडली. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. मी करू नये तेच केलं, कचकन ब्रेक दाबला. हेलकावे वाढले. मग पाय सगळीकडून काढून घेतला, स्टिअरिंग नुसतं सरळ धरून बसलो आणि वेग ४५च्या खाली आल्यावर कसाबसा कडेला लागलो. मागच्या सीटवर दोन्ही मुलं एकदम शहाणी झाली होती.

"हे परत नाही," बायको म्हणाली.

"कॅम्पिंग?"

"कॅम्पिंग जायचंच. ही गाडी परत नाही."

गाडी म्हणजे आमची सहा सिलिंडरची एसयूव्ही. पाच हजार पौंड ओढते असं तिच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं. ट्रेलर २२ फुटी, रिकामा ४,२०० पौंडांचा, सगळं भरून जास्तीत जास्त ५,५०० पौंड, म्हणजे अंदाजे २,५०० किलो. मी मागच्या बंपरवर चार सायकली टांगल्या होत्या आणि मागच्या बाजूची ४० गॅलनची पाण्याची टाकी घरूनच भरून घेतली होती. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं. म्हणजे सव्वातीनशे पौंडांहून जास्त पाणी मी शेपटाला बांधलं होतं, तेही अशा राज्यात जिथे प्रत्येक कॅम्पग्राउंडवर नळ असतो.

त्या रात्री आटपाडीला आण्णांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उलाळली असंल. मागं वजान ज्यादा टाकलं हुतंस न्हवं?"

हा शब्द मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. बैलगाडीत माल आसाच्या मागे जास्त भरला की पुढचं जू बैलांच्या मानेवरून उचलायला लागतं; गाडी उलाळते. बैलाच्या खांद्यावर थोडं ओझं असावंच लागतं, त्याशिवाय गाडी त्याच्या ताब्यात राहत नाही. इथले लोक त्याला टंग वेट म्हणतात आणि ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर आला पाहिजे असं सांगतात. बैलगाडीत वाढलेल्या माणसाने फोनवर निदान केलं ते मला डेट्रॉइटच्या परिसरात राहून, पोटापाण्यासाठी गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग बघूनही सुचलं नव्हतं.

पिकअप घ्यायचा ठरलं. नवा साठ हजार डॉलरच्या घरात, म्हणून जुना.

मिशिगनमध्ये पिकअपविषयी सल्ला मागावा लागत नाही. ऑफिसात, शेजारी, मंडळाच्या कोजागिरीला दुधाचा पेला हातात घेऊन, सगळीकडे मतं तयार असतात. फोर्डची एफ-सिरीज १९७७पासून अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा पिकअप आहे आणि एफ-१५० आमच्या घरापासून अर्ध्या तासावर डिअरबॉर्नला तयार होतो, म्हणून एक पक्ष त्याचा. दुसरा सिल्व्हराडोचा. तिसरा, जरा हळू आवाजात बोलणारा, टोयोटाचा. या वादात तीन आठवडे गेले आणि हाताला काही लागलं नाही, कारण प्रश्न कंपनीचा नव्हताच. नीट राखलेला आणि न राखलेला, असे दोनच प्रकार असतात. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पहिली गाडी एका डीलरकडे बघितली. काळीभोर, चामड्याच्या सीटा, छताला काच, बटण दाबलं की आपोआप खाली येणारी पायरी. "नऊ हजार पौंड ओढते," विक्रेता म्हणाला. मी खूश. आम्हाला साडेपाच हजारच ओढायचे होते. बायकोने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीवर चिकटवलेला पिवळा-पांढरा कागद वाचला. टायरमधली हवा किती हे सांगणारा तो कागद सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यावरच लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल. तिथे होतं १,३५० पौंड.

तिने फोनवर बेरीज केली. आम्ही चौघं ५२०. ट्रेलरचा हिचवर येणारा भार ७००, कारण तो गाडीच्याच डोक्यावर बसतो. भार पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारा खास हिच ९०. मागच्या हौद्याचं झाकण ६०. हौद्यात जाणारं सामान, त्यात कुकर आणि दोन मुलांच्या सायकली, १५०. एकूण १,५२०. ओढण्याची ताकद खंडीभर, आणि ट्रेलर जोडून आम्ही आत बसलो की गाडी आधीच १७० पौंडांनी जास्त भरलेली. वर त्या छताच्या काचेने, चामड्याने आणि पायरीने आपापलं वजन त्याच हिशोबातून उचललेलं. गाडी जितकी थाटाची तितकी तिची पाठ लहान, असा हा उफराटा कारभार आहे.

मग नऊ हजार आले कुठून? ओढण्याचे आकडे ज्या प्रमाणित पद्धतीने काढतात तिचं नाव जे-२८०७. ती पद्धत प्रामाणिक आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ, भर उन्हाळ्यातली उष्णता, एसी चालू, आणि तरी ठरलेल्या वेगाच्या खाली जायचं नाही, असं सगळं त्यात आहे. फक्त गाडीत माणसं दोन धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. म्हणजे ६८ किलो. अशी दोन माणसं आमच्या मंडळात शोधायची तर युवा शाखेत जावं लागेल.

दुसरी गाडी एका खाजगी विक्रेत्याची. कागदावर सगळं जमत होतं: हौद्याची वजनक्षमता चांगली, ९२,००० मैल, किंमत आवाक्यात. मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. सकाळी भेटायचं ठरवून माणसाने आधीच इंजिन चालवून ठेवलं की समजायचं, थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज त्याला आपल्याला ऐकवायचा नाही. तरीही मी आत बसलो. काही पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिन एकूण किती तास चाललंय ते बघता येतं. तिथे ५,९०० तास दिसले. ९२,००० ला ५,९०० ने भागलं की ताशी साडेपंधरा मैल येतात. महामार्गावर चाललेल्या गाडीची सरासरी अशी नसते. ही गाडी बांधकामावर तासन्‌तास जागेवर धडधडत उभी राहिलेली होती आणि ते तास मैलांत कुठेच दिसत नव्हते.

मग खाली वाकून बघितलं. चेसिस नवंकोरं काळं. आठ वर्षांच्या गाडीचं.

इथे मिठाविषयी सांगायला हवं. डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे बाराशे फूट खाली, मिठाची मोठी खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात. ते चाकांनी उडतं, चेसिसच्या सांध्यांत आणि ब्रेकच्या नळ्यांवर बसतं आणि वसंतात हवा दमट झाली की कामाला लागतं. ज्या गावाने अमेरिकेला गाड्या दिल्या त्याच गावाखाली गाड्या खाणारं मीठ आहे. त्यात मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी नसते, त्यामुळे सडलेली गाडीसुद्धा निवांत रस्त्यावर असते. एफ-१५०ची बॉडी २०१५च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, ती गंजत नाही. पण खालचं चेसिस लोखंडीच. वरून चकचकीत आणि खालून पापडासारखी, अशी गाडी त्यामुळे सहज फसवते.

मी खिशातल्या लहान हातोडीने मागच्या स्प्रिंगच्या टांगणीजवळ टकटक केली. निरोगी लोखंड टणटण वाजतं. तिथे बद्द आवाज आला आणि काळ्या रंगाचा पोपडा, त्यामागे तांबूस भुगा, माझ्या चष्म्यावर पडला. मालक म्हणाला, "नुसता वरचा गंज आहे." मी आभार मानून निघालो.

परतताना आजोबा आठवले. खरसुंडीच्या पौषी यात्रेत ते खिलार बघायला जायचे आणि एकदा मला खांद्यावर घेऊन गेले होते. शिंगं साळून, तेल लावून, रंगवून उभा केलेला बैल दिसला की आजोबा शिंगांकडे बघायचेच नाहीत. आधी ओठ उचलून दात, मग मानेवरचा घट्टा बोटांनी चाचपायचा, मग चालवून बघायचं. बैल विकणारा हेडी पुढच्या अंगाचं कौतुक करत असला की आजोबा मागे जाऊन खूर बघायचे. मी मात्र दोन महिने शिंगंच बघत होतो.

मिठाचा मुलूख सोडायचा ठरवलं. आय-७५ डेट्रॉइटहून सरळ दक्षिणेला ओहायो, केंटकी ओलांडून टेनेसीत नॉक्सव्हिलला जातो. तिथे बर्फ थोडा, मीठही थोडं. तिथली २०१६ची एफ-१५० सापडली: पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, १,०४,००० मैल. फोनवरच मालकाला दोन गोष्टींचे फोटो मागितले, दाराच्या चौकटीवरचा कागद आणि चेसिसची मागची बाजू. दुसरं काहीही नको. तो निवृत्त टपालकर्मचारी होता. पाच मिनिटांत फोटो आले. कागदावर १,८२० पौंड. गाडीच्या सतरा अक्षर-अंकांच्या नंबरावरून सरकारी संकेतस्थळावर रिकॉल तपासला, ते फुकट असतं. गाडीच्या इतिहासाचा कारफॅक्स अहवाल विकत घेतला. त्यात अपघात नव्हता, पण त्या अहवालात नोंदवलेलं तेवढंच येतं, हे विसरायचं नाही. तिथल्याच एका गॅरेजला दीडशे डॉलर देऊन वेळ ठरवली आणि शुक्रवारी रात्री निघालो.

सकाळी बॉनेटवर हात ठेवला. गार. किल्ली फिरवली तेव्हा इंजिन एकदा गुरगुरलं आणि शांत झालं. तास ३,१००, म्हणजे सरासरी ताशी साडेतेहेतीस मैल. मोकळ्या रस्त्यावर चाललेली गाडी. हिचच्या नळीत घासल्याच्या खुणा होत्या, पण त्या नसत्या तर मीच संशय घेतला असता. तो हिने मासेमारीची होडी तळ्यावर न्यायचा. बैलाच्या मानेला घट्टा असावा, जखम नसावी.

गॅरेजवाल्याने गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. ओढणाऱ्या गाडीचं मरण बहुतेक वेळा गिअरबॉक्समध्ये असतं. ओझ्याने तिथलं तेल तापतं, तापून करपतं आणि मग क्लच जळतात. त्याने थेंबभर तेल काढून पांढऱ्या कागदावर टाकलं. लालसर होतं, जळकट वास नव्हता. मालकाच्या फाइलमध्ये ते ६०,००० मैलांवर बदलल्याची पावती होती. मागच्या आसाचं प्रमाण ३.५५, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मधला दांडा साडेतीन फेऱ्यांहून थोडा जास्त फिरतो. हा आकडा जितका मोठा तितकी ओढ चांगली, पेट्रोल मात्र जास्त. ट्रेलरचे ब्रेक वेगळे दाबायची कळ डॅशबोर्डवर कारखान्यातूनच बसवलेली. जूनमध्ये तीच माझ्याकडे असायला हवी होती: हेलकावे सुरू झाले की गाडीचा ब्रेक सोडून फक्त ट्रेलरचा हळूच दाबायचा असतो. टायरच्या कडेला चार आकडे होते, त्यावरून ते सहा वर्षांचे निघाले. ब्रेकची एक नळी ओलसर होती.

ती होडी जावयाला द्यायची होती, अजून दारातच होती. मी विचारायच्या आत त्यानेच ती जोडून दिली आणि चढाच्या रस्त्याला घेऊन गेला. किंमत तो म्हणत होता २१,०००. खरसुंडीला हा व्यवहार उपरण्याखाली बोटं धरून झाला असता. इथे मी टायर आणि नळीचा खर्च कागदावर मांडला आणि गप्प बसलो. १९,५०० ला ठरलं.

पहिल्या सहलीआधी ट्रेलर जोडून, चौघं बसून, महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरच्या काट्यावर वजन केलं. पिकअपवरचा भार कागदावरच्या मर्यादेच्या २६० पौंडांनी आत होता. पाण्याची टाकी रिकामी. सायकली हौद्यात. मग तोच आय-७५ धरून उत्तरेला, मॅकिनॉ पुलापर्यंत. पाच मैलांच्या त्या पुलाच्या मधल्या भागात आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, खाली पाणी दिसतं आणि चाकं गुणगुणतात. वारा होता. बाजूने ट्रक गेला, ट्रेलर एकदा हलला आणि मागे मागे येत राहिला. बायकोने आरशात बघितलं आणि पुन्हा पुस्तक उघडलं.

आण्णांना ट्रक व्हिडिओवर दाखवला होता तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "दात बघितलंस का?" मागच्या ऑक्टोबरात ते स्वतः आले. मी दर वर्षी बर्फ पडायच्या आधी चेसिसला लॅनोलिन फवारतो. मेंढीच्या लोकरीतून निघणारी ती चरबी लोखंडाला चिकटून बसते आणि मिठाला आत शिरू देत नाही. मी गाडीखाली उताणा पडलो होतो. आण्णा स्वेटर, मफलर घालून गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, "हितं मेंढरं कुठनं आली रं?"