भिगवणचे पाहुणे

छायाचित्रणाचा छंद आमच्या घरांत पिढीजात आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आमच्या आजोबांपाशीं एक पेटीवजा कॅमेरा होता. त्याच्या एका रिळांत अवघीं ८ चित्रें निघत. त्यामुळें कळ दाबण्यापूर्वीं ते दहा वेळां विचार करीत. आमच्या हातांतील आजच्या यंत्रास असें बंधन नाहीं. एका सकाळीं शेंकडों चित्रें घ्यावींत आणि घरीं येऊन बहुतेक पुसून टाकावींत! विचार मात्र यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं, हें आम्हांस गेल्या हिवाळ्यांत भिगवण येथें उमगलें. ती हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

भिगवण हें पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें सुमारें १०० किलोमीटरांवर, इंदापूर तालुक्यांत आहे. भीमा नदीवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याचें पाणी मागें पसरत ह्या परिसरांत येऊन ठेपलें. पाणी उथळ, कांठ चिखलाचे, मासळी विपुल. अशा ठिकाणीं पक्ष्यांची पंगत बसली नाहीं तरच नवल. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारा पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यासाठीं येथें उतरतो. ७,००० मीटरांहून अधिक उंचीवरून उडतांना त्याची नोंद झालेली आहे. परंतु आम्ही निघालों होतों तें रोहितांसाठीं.

रोहित म्हणजे इंग्रजींतील फ्लेमिंगो. लांब मान वांकवून तो चोंच उलटी पाण्यांत बुडवितो आणि गाळणीप्रमाणें पाणी गाळून सूक्ष्म जीव व शेवाळ टिपतो. त्याचा गुलाबी रंगहि ह्या अन्नांतूनच येतो. पिलें करडीं असतात. पंख मिटलेले असतां तो पांढुरका दिसतो. पंख उघडले कीं आंतील लाल व काळा रंग एकदम पेटल्यासारखा होतो. म्हणूनच त्यास अग्निपंख असेंहि म्हणतात, आणि म्हणूनच प्रत्येक छायाचित्रकारास तो उडतांना हवा असतो. आम्हीहि त्यांतलेच!

पुतण्यास संगें घेऊन आम्ही पहाटेच्या अंधारांत निघालों. नावेंत बसलों तेव्हां पाण्यावर धुकें होतें. सूर्य वर आला आणि पन्नास-साठ रोहितांचा थवा दृष्टीस पडला. नावाडी लांबच थांबला. “साहेब, हितनंच बघा,” तो म्हणाला. आम्हीं म्हटलें, “थोडें पुढें घ्या.” त्यानें घेतली. “आणखी थोडें.” एकामागून एक माना ताठ झाल्या, पक्षी चालूं लागले, मग पाण्यावरून धांवूं लागले, आणि सारा थवा लाल ज्वाळांसारखा आकाशांत चढला. सेकंदाच्या दोनहजाराव्या भागांत तो क्षण आम्हीं टिपला. पुतण्यानें टाळ्या पिटल्या.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर दिवाणखान्यांत सर्व मंडळींस तें चित्र दाखविलें. वाहवा झाली. आमच्या मातोश्री मात्र चष्मा सांवरून बराच वेळ पाहत राहिल्या व म्हणाल्या, “अरे, आधींच्या चित्रांत तीं पाखरें इतक्या सुखानें खात होतीं. मग उडालीं कां?”

आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच पुतण्या म्हणाला, “आजी, काकांनीं नाव जवळ न्यायला लावली ना!”

ह्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. आम्हांस मात्र त्या रात्रीं लवकर झोंप लागली नाहीं.

पंधरा दिवसांनीं आम्ही दोघे पुन्हां गेलों, नावाडीहि तोच. “आज जवळ जावयाचें नाहीं,” असें सांगतांच त्याचा चेहरा खुलला. “मग त्या दिवशीं पुढें कां घेतलीत?” आम्हीं विचारलें. “तुम्ही गिऱ्हाईक. नाही म्हटलं तर पोट कसं चालायचं?” तो म्हणाला. मग पाण्याकडे बोट दाखवून सांगूं लागला, “हितं खाली आमच्या आज्याची जमीन हाय. जुंधळा व्हायचा.” ह्या पाण्याखालीं अशीं अनेक गांवें गेलीं. पळसदेव येथील प्राचीन शिवमंदिरहि बुडालें. पाणी फार ओसरलें म्हणजे तें उघडें पडतें, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु त्या पाण्याखालीं कोणाचा मळाहि आहे, हें कधीं मनांत आलें नव्हतें. “आम्हांला उठावं लागलं, तवा हे पाणी आलं,” तो शांतपणें म्हणाला, “आता ह्या पाखरांना तरी कुणी उठवू नये, असं वाटतं बघा.”

नाव स्थिर ठेवून आम्ही दीड तास बसलों. थवा चरत चरत आपण होऊनच आमच्या दिशेनें सरकला. सर्वांच्या माना खालीं, पाण्यांत गुलाबी प्रतिबिंबें, आणि मधोमध एक करडें पिलूं. आम्हीं मोजून ८ चित्रें घेतलीं.

आमच्याप्रमाणेंच हौशी असलेल्या वाचकांस एवढेंच सांगणें आहे: चरणाऱ्या पक्ष्यांच्या माना वर होऊं लागल्या कीं तेथेंच थांबावें. थवा उगाच उडविला कीं त्याचा घांस तुटतो व बळहि खर्च होतें. आणि दिवसांतून दहा नावांनीं तसें केलें, तर पाहुण्यानें जेवावें केव्हां?

अग्निपंखांचें तें पहिलें चित्र आम्हीं पुसलें नाहीं. आपली चूकहि संग्रहीं असावी. दिवाणखान्यांत मात्र दुसरें लावलें आहे. तें प्रथम पाहिलें तेव्हां मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “जेवताहेत. जेवूं दे.”