हिरवा थेंब

मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेते. शेजारच्या काकू नेहमी विचारतात, "म्हणजे तुम्ही नेमके करता तरी काय हो?" खरे सांगायचे तर, न दिसणारी वस्तू या नळीतून त्या नळीत ओतते! पाण्यात विरघळलेली प्रथिने बहुधा दिसत नाहीत. एका प्रयोगाला मात्र आमचे शिपाईमामाही दाराशी येऊन उभे राहतात.

प्रशांत महासागरातल्या एका जेलीफिशमध्ये हिरवे चमकणारे प्रथिन असते. शिमोमुरा यांनी १९६१ च्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले, त्यांतून ते हाती आले. आम्हाला एक चंबू पुरतो. त्या प्रथिनाचा जनुक ई. कोलाय जीवाणूंत घालायचा, अ‍ॅराबिनोज नावाची साखर द्यायची, की रात्रभरात जीवाणू ते प्रथिन भरभरून तयार करतात.

मग जीवाणू फोडायचे. त्यांच्या रसात आमच्या प्रथिनाबरोबर इतर शेकडो प्रथिने असतात. अमोनियम सल्फेट घालून तो चांगला खारा करायचा आणि बारीक मण्यांनी भरलेल्या कॉलममध्ये ओतायचा. खाऱ्या पाण्यात आमच्या प्रथिनाचे तेलकट भाग मण्यांना बिलगतात. इतर बरीचशी मंडळी खाली निघून जातात. पुढे क्षार कमी केला, की तेही पकड सोडते. खोलीतले दिवे घालवून जंबुपार दिवा लावावा, तर हिरवा पट्टा संथपणे खाली उतरताना दिसतो. क्रोमॅटोग्राफी म्हणजे शब्दशः रंगलेखन. एरवी आमच्या कामात रंग कुठला? या दिवशी तेवढे नाव सार्थ होते.

थेंब गोळा होईपर्यंत मी मुलांना डग्लस प्रॅशर यांची हकीकत सांगते. त्यांनी हा जनुक वेगळा करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पैशांअभावी काम थांबले, तेव्हा त्यांनी तो चॅल्फी आणि त्सिएन यांना खुशाल देऊन टाकला. २००८ चे नोबेल या दोघांना व शिमोमुरांना मिळाले. प्रॅशर तेव्हा अलाबामात मोटारींच्या एका दुकानाची गाडी चालवत होते.

"मॅडम, मग त्यांना काय मिळाले?" परवा एका मुलीने विचारले.

चॅल्फी आणि त्सिएन यांनी स्वखर्चाने त्यांना स्टॉकहोमच्या समारंभाला नेले, हे मी सांगितले. तिचे समाधान झालेले दिसले नाही. माझेही कधी झालेले नाही. वर्गात सर्वांत हिरवा थेंब तिचाच निघाला. सध्या ती बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे.