दार बदलले, वही तीच

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि उभी नोकरी बँकेची. संगणकाशी माझी ओळख झाली ती बँकेच्या शाखेत जाडजूड खातेवह्यांच्या जागी यंत्रे येऊ लागली तेव्हा. ती ओळख कामापुरतीच होती. आज वयाच्या पासष्टीत मी ‘पर्ल’ नावाच्या संगणकभाषेतील ओळी वाचतो, दुरुस्त करतो, हे पाहून जुने सहकारी हसतात. त्यांचे हसणे मला मान्य आहे. परंतु ही विद्या मी हौसेने घेतली नाही. एका चुकीने ती मला घ्यायला लावली, आणि ती चूक माझीच होती.

आमच्या नात्यागोत्यातील काही मंडळी एक छोटासा शिक्षण-साहाय्य निधी चालवतात. दहावी-बारावीनंतरच्या गरजू मुलांना शुल्कासाठी बिनव्याजी रक्कम द्यायची, नोकरी लागल्यावर त्यांनी ती परत करायची, असा साधा व्यवहार. हिशेब पाहण्याचे काम पहिल्यापासून माझ्याकडे. २००४ साली माझ्या पुतण्याने, तेव्हा तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता, या निधीसाठी इंटरनेटवरून अर्ज भरण्याची सोय करून दिली. अर्ज घेणे, छाननी, यादी, पोच अशी चार-पाच कामे एका सांगाड्यात बसवून त्याने ती पर्लमध्ये लिहिली. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली ही भाषा मजकूर चाळण्यात आणि जुळवण्यात तरबेज, म्हणून त्या काळी संकेतस्थळांच्या कामात तिचा मोठा दबदबा होता.

वाचकांना समजावे म्हणून पेढीचा दाखला देतो. गिऱ्हाईक प्रथम भेटते ते दारावरच्या माणसाला. इंटरनेटवर हे काम ‘वेब सर्व्हर’ करतो. आमचा दारवान ‘अपाची’ होता, आवृत्ती १.३. आत बसून वही लिहिणारा मुनीम म्हणजे पुतण्याची पर्लमधील आज्ञावली. जुन्या पद्धतीत दारवान प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मुनिमाला घरून बोलावून आणी आणि काम संपताच परत पाठवी. त्यात वेळ फार जाई. १९९६ पासून ‘मॉड-पर्ल’ नावाची जोड मिळाली आणि मुनीम दारवानाच्या शेजारीच कायमचा बसू लागला. काम झपाट्याने होऊ लागले. पण शेजारी बसल्यावर मुनिमाच्या तोंडी दारवानाची भाषा आली. गिऱ्हाईक कोण, कुठून आले, त्याच्या हाती काय द्यायचे, हे सारे तो दारवानाच्याच शब्दांत विचारू लागला. पुढील सगळ्या घोळाचे मूळ या सोयीत होते.

२००६ च्या उन्हाळ्यात, जिच्याकडे आमचे संकेतस्थळ ठेवले होते त्या कंपनीने दारवान बदलला. अपाचीची २.० ही आवृत्ती २००२ मध्येच आली होती; तिच्यासाठीची मॉड-पर्ल २.० मात्र मे २००५ मध्ये पक्की झाली. आमचा अर्ज उघडेना. पुतण्या दोन रात्री माझ्याकडे बसला. मी शेजारी चहा घेऊन.

“काका, मुनीम ठीक आहे,” तो म्हणाला, “त्याला नव्या दारवानाची हाक कळत नाही, एवढंच.”

त्याने एकेक उदाहरण दाखवले. पूर्वी ‘अपाची’ या आडनावाने ओळखले जाणारे कित्येक भाग आता ‘अपाची२’ या आडनावाने हजर होते. उत्तर पाठवण्याआधी पाकिटावरचा मजकूर रवाना करण्याची जी वेगळी आज्ञा होती, ती नव्या घरात उरलीच नव्हती. मजकुराचा प्रकार सांगितला की बाकीचे आपोआप होई. शिवाय पूर्वी आयत्या मिळणाऱ्या कित्येक गोष्टी आता नाव घेऊन आधी मागवून ठेवाव्या लागत. जुन्या हाका नव्या दारवानाला समजावून देणारा एक दुभाषीही उपलब्ध होता, पण पुतण्याने तो नाकारला. म्हणाला, “कुबडी एकदा घेतली की सुटत नाही.”

त्याऐवजी त्याने जे केले ते मला बँकेच्या माणसाला फार आवडले. दारवानाशी बोलणाऱ्या सर्व ओळी त्याने वहीतून उचलल्या आणि एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या. तिला आम्ही ‘दाराची फाइल’ म्हणू लागलो. तिच्या आरंभी एकच प्रश्न: समोरची मॉड-पर्ल पहिली की दुसरी? दुसरी असेल तर ती स्वतःच तसा आकडा पुढे ठेवते. उत्तराप्रमाणे जुनी हाक किंवा नवी हाक. बाकीच्या आज्ञावलीला दारावर कोण उभे आहे याचा पत्ताच नाही. त्या काळी ‘कॅटॅलिस्ट’सारख्या नामांकित पर्ल सांगाड्यानेही हाच मार्ग धरला होता. मॉड-पर्लची जुनी, मधली आणि नवी अशा तीन अवस्थांसाठी त्यांनी तीन स्वतंत्र भाग ठेवले होते. पुढे पुतण्या नोकरीसाठी परदेशी गेला. जाताना त्याने मला एकच गोष्ट बजावली, “काका, काही जोडायचं झालं तर दाराशी थेट बोलू नका. फाइलमधून जा.”

२०१० साली आमच्या हिशेबतपासनीसांनी सुचवले की अर्ज कोणत्या पत्त्यावरच्या संगणकावरून आला याचीही नोंद असावी. सूचना योग्य होती. तोवर मी थोडे पर्ल शिकलो होतो. पुस्तकात शोधले, एक ओळ सापडली, आणि ती मी थेट नोंदवहीच्या भागात लिहून टाकली. दाराच्या फाइलमध्ये ठेवायची होती हे आठवले. पण ही हाक जुन्या आणि नव्या दोन्ही दारवानांकडे एकाच नावाने चालत होती. मग वळसा कशाला, असे वाटले. ओळ चालली. नऊ वर्षे चालली.

अपाची २.४ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये आली. तिला साथ देणारी मॉड-पर्ल २.०.९ येण्यास २०१५ चा जून उजाडला. आम्ही २.२ वरच समाधानी होतो. पण २०१७ नंतर तिची डागडुजी बंद झाली आणि जुन्या दारवानाच्या भरवशावर लोकांचे उत्पन्नाचे दाखले ठेवणे योग्य नव्हे, असे मलाही वाटू लागले. २०१९ च्या जूनमध्ये, निकालांच्या हंगामात, आम्ही नव्या सर्व्हरवर गेलो. मी नुकताच निवृत्त झालो होतो, वेळ भरपूर होता. प्रवेशाचे नियम लिहिण्याची पद्धत २.४ मध्ये बदलली होती, ते मी नीट वाचून दुरुस्त केले. अर्ज उघडून पाहिला, याद्या पाहिल्या, छापून पाहिल्या. सारे ठीक. फक्त एक केले नाही: अर्ज भरून ‘सादर करा’ हे बटण दाबले नाही. वहीत खोटी नोंद करायची नाही, हा पस्तीस वर्षांचा संस्कार. चाचणीसाठीसुद्धा हात धजला नाही.

शुक्रवारी अर्ज खुले केले. सोमवारी संध्याकाळी सवयीने ताळा घ्यायला बसलो. अर्ज ९६. पोच शून्य. पुन्हा पाहिले. नावे मोजली तर ५८ निघाली. काहींनी दोनदा, काहींनी तीनदा अर्ज केला होता.

कारण उघड होते, पण ते उलगडायला मला दोन तास लागले. अपाची २.४ मध्ये गिऱ्हाइकाचा पत्ता विचारण्याच्या त्या हाकेचे नावच बदलले होते. ‘रिमोट-आयपी’ जाऊन ‘क्लायंट-आयपी’ आले होते. माझी आज्ञावली प्रथम अर्ज वहीत नोंदवी, मग पत्ता टिपून घेई, आणि शेवटी पोच देई. अर्जाची नोंद पक्की होई, पुढच्याच पावलावर मुनीम जुन्या नावाने हाक मारी आणि तिथेच कोसळे. मुलांच्या पडद्यावर उमटे ते फक्त इंग्रजीतले ‘सर्व्हरमध्ये अंतर्गत दोष’ असे वाक्य. दार मोडले होते ते माझ्याच ओळीपाशी. दाराच्या फाइलमधील एकही ओळ अडली नव्हती.

ज्याने आयुष्यभर जमा आणि नावे या दोन्ही बाजू एकदम पडल्याशिवाय व्हाउचरवर सही केली नाही, त्याने अर्धा व्यवहार पक्का आणि अर्धा अधांतरी राहील अशी रचना नऊ वर्षे बाळगली होती. दोष अपाचीचा म्हणता येईना. नाव बदलल्याचे त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेले होते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी ५८ जणांना दूरध्वनी केले. ५७ जणांशी बोलणे झाले. एका मुलीने दिलेला क्रमांक शेजारच्या किराणा दुकानाचा होता. निरोप पोहोचायला चार दिवस लागले. तिने एकदाच अर्ज केला होता. पडद्यावरचे इंग्रजी वाक्य वाचून तिने निष्कर्ष काढला की निधीने नकार दिला. तिचे वडील एका आडत्याकडे दिवाणजी. त्यांनी पहिल्या हप्त्यासाठी महिना दोन टक्क्यांनी रक्कम उचलली होती.

मी त्यांना भेटायला गेलो. निधीकडून शुल्क मंजूर झाले होतेच; उचललेल्या रकमेचे व्याज मी माझ्या निवृत्तिवेतनातून देऊ केले. त्यांनी हात जोडले. म्हणाले, “व्याजाचं राहू द्या, साहेब. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, आम्ही दुसरीकडे बघू. पण असं मध्येच सोडू नका.”

हे वाक्य मी घरी येऊन पुतण्याला सांगितले. तो फोनवर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, आता दाराची फाइलही काढून टाकू. तिची गरज उरलेली नाही.”

२००९ साली तात्सुहिको मियागावा यांनी पर्लसाठी ‘पीएसजीआय’ नावाचा एक करार मांडला होता. त्याचे तत्त्व आपल्या हुंडीसारखे आहे. हुंडी कोणत्या गावच्या पेढीवर वटवायची आहे, त्या पेढीत कोण बसतो, याने लिहिणाऱ्याला फरक पडत नाही; लिहिण्याची रीत ठरलेली असते. तसेच येथे. दारवान गिऱ्हाइकाची सारी माहिती एका ठरावीक यादीत लिहून आत देतो, पत्ताही त्यातच असतो. मुनीम उत्तरादाखल तीनच गोष्टी देतो: काम झाले की नाही याचा आकडा, पाकिटावरचा मजकूर आणि आतला कागद. अपाची १.३ असो, २.४ असो की दुसरा एखादा सर्व्हर, त्याची भाषा सांभाळण्याचे काम ‘प्लॅक’ नावाचा संच करतो, आणि तो अनेकांच्या हातून तपासला गेलेला असतो. त्या पावसाळ्यात पुतण्याने तिकडून आणि मी इकडून, रोज तासभर बसून, आमचा सांगाडा या करारावर आणला. वहीच्या मूळ ओळींना फारसा हात लावावा लागला नाही. २००६ साली त्याने दार आणि वही वेगळी केली होती, त्याचे हे फळ.

आणखी दोन दुरुस्त्या मी स्वतः केल्या. अर्जाची नोंद, पत्त्याची नोंद आणि पोच ही तिन्ही कामे एका व्यवहारात बांधली. एक फसले तर तिन्ही मागे. आणि दोष आलाच तर मुलांना मराठीत दिसते: ‘आपला अर्ज नोंदला गेलेला नाही. हा नकार नव्हे. कृपया या क्रमांकावर बोला.’ त्याखाली माझा क्रमांक असतो.

चाचणीसाठी वहीची एक वेगळी प्रत ठेवली आहे. सर्व्हरची आवृत्ती बदलण्याची वेळ आली की त्या प्रतीत मी खोटा अर्ज भरतो, सादर करतो, पोच हाती येईपर्यंत थांबतो आणि मगच दार उघडतो. पहिल्यांदा तसे करताना हात अडखळला होता. आता अडखळत नाही.