मामा, घट्ट धरा!

कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये मुलाच्या हाडात बसवलेल्या तारा तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच काढतात. पक्कड लावायची, ओढायची, ड्रेसिंग करायचं. एवढ्यासाठी भूल कशाला, असं माझं मत होतं आणि ते आळसातून आलेलं नव्हतं. जागा बधीर करणारी सुईच तारेपेक्षा जास्त दुखते. झोपेचं औषध द्यायचं तर मूल उपाशी हवं, भूलतज्ज्ञ हवा, नंतर लक्ष ठेवायला सिस्टर हवी. बाहेर रांग. मग वॉर्डबॉयला 'मामा, घट्ट धरा' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मूल रडतं, घरी जाईपर्यंत विसरतं.

या 'विसरतं'वर माझा सगळा डोलारा होता. तो हलवला टोरांटोच्या ॲना टॅडिओ यांच्या १९९७ सालच्या अभ्यासाने. चार ते सहा महिन्यांच्या मुलग्यांना लस टोचताना त्यांनी पाहिलं. जन्मल्यावर बधीर न करता सुंता झालेली बाळं सुईला सर्वांत जास्त कळवळली. तेव्हा बधीर करणारं मलम लावलेली त्यांच्याहून कमी. सुंता त्यांना आठवत असेल असं कोणी म्हणणार नाही. तरी सुईला त्यांचं शरीर वेगळं वागत होतं.

के. जे. एस. आनंद यांचं काम मला आधीपासून ठाऊक होतं. इंदूरला शिकलेल्या या डॉक्टरने १९८७ साली ऑक्सफर्डमधून दाखवलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधताना फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात. पण ती छाती उघडण्याची गोष्ट. माझ्या प्लास्टर रूमशी तिचा संबंध मी लावलाच नव्हता.

तो लागला क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतः वाकड्या पावलांच्या, बाळांमुळे. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला एक अशी पाच-सहा प्लास्टरं, मग बहुतेकांच्या टाचेमागची शीर बारीक छेद देऊन सोडवायची. तेच बाळ पुन्हा पुन्हा माझ्याच हाती. आता प्लास्टर घालताना आई पाजत बसते. पिणारं बाळ पाय सैल सोडतं आणि प्लास्टर नेमकं बसतं. म्हणजे यात माझाही स्वार्थ आहेच. शीर सोडवण्याआधी तासभर मलम, मग बधीर करायला बेताचं लिग्नोकेन (जास्त भरलं तर शीर बोटाला लागत नाही), आणि दोन मिनिटं आधी जिभेवर साखरेचं पाणी. यातल्या कशालाही भूलतज्ज्ञ लागत नाही.

सगळंच मत पालटलं असं मात्र नाही. तारांसाठी झोपेचं औषध मी अजूनही देत नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन आधी पाजूनही त्या क्षणी फारसा फरक पडत नाही, असे अभ्यास आहेत आणि मला ते पटतात. तिथे भीतीच मोठी. म्हणून मूल आईच्या मांडीवर, आणि प्लास्टर कापायचं यंत्र आधी माझ्या तळहातावर चालवून दाखवतो. त्याचं पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं, हे पाहिलं की निम्मी मुलं हात पुढे करतात.

मोडलेलं मनगट ओढून बसवणं वेगळं. ते बधीर केल्याशिवाय आता नाहीच. बोटांचा रक्तपुरवठा ठीक असेल आणि भूलतज्ज्ञ संध्याकाळी यायचा असेल, तर दुखण्याचं औषध देऊन, हाताला आधार बांधून थांबतो. नातेवाईक वैतागतात. 'डॉक्टर, आमच्या गावचा हाडवैद्य पाच मिनिटांत बसवतो,' म्हणतात. बसवतो खरा. मीही बसवायचो.